आत्याने ठेवलेले नाव

"आत्या, माझ्या नावाचा अर्थ 'बेघर' असा होतो, हे तुला ठाऊक होतं का?"

भाच्याने फोनवर हे विचारले तेव्हा तो आपल्या पहिल्या घराच्या कर्जाचे कागद भरत बसला होता. वीस वर्षांच्या हप्त्यांचा करार, कागदांचा जाडजूड गठ्ठा आणि प्रत्येक पानाच्या तळाशी करायची सही 'अनिकेत'. शेजारी बसणाऱ्या कुणा संस्कृत शिकलेल्या सहकाऱ्याने ती सही पाहिली आणि हसत हसत नावाची फोड करून सांगितली: निकेत म्हणजे घर, अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो. भाच्याच्या आवाजात तक्रार नव्हती, पण ती निव्वळ थट्टाही नव्हती. नाव मी ठेवलेले असल्यामुळे जाबही मीच द्यायचा, हे ओघानेच आले.

खरे सांगायचे तर नाव ठेवताना मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि ठेवल्यावर तासाभराच्या आत तो कळला होता. मधल्या तीसेक वर्षांत मी तो कुणाला आपणहून सांगितला मात्र नाही.

बारसे चैत्रात झाले. पत्रिकेप्रमाणे बाळाचे नक्षत्र कृत्तिका, पहिला चरण, रास मेष. अवकहडा चक्रात त्या चरणाला 'अ' हे अक्षर येते, म्हणून 'अ'ची नावे शोधण्याचे काम माझ्याकडे आले. भावाला जुने नाव नको होते आणि वहिनीला असे नाव हवे होते, जे गल्लीत दुसऱ्या कुणाचे नसेल. त्यामुळे अशोक, अनंत, अच्युत ही मंडळी पहिल्याच फेरीत बाद झाली. 'अनिकेत' मी कुठेतरी ऐकले होते. कानाला ते गोड वाटले होते, आणि शेवटचा तो 'त' तर एखाद्या दाराची कडी अलगद लागावी तसा वाटला होता. एवढ्या पुंजीवर मी ते नाव पक्के केले.

पाळण्याखालून कुंची घातलेला वरवंटा या हातातून त्या हातात गेला, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झाले, आणि मी वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' केले. नाव उच्चारताच मागे उभ्या असलेल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले, ते जरा जास्तच हौसेने. घुगऱ्यांच्या वाट्या फिरू लागल्या तेव्हा पाठ चोळत मी माजघरात आले. अण्णा तिथे एकटेच बसले होते. सारा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला हा माणूस फार बोलत नसे. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "नाव छान आहे. फक्त ते देवाचं नाही, एवढं लक्षात असू दे."

मी चरकले. आमच्या घरात मुलाचे नाव देवाचे ठेवायचे, यामागे एक साधा हिशेब होता आणि तो अजामिळाच्या गोष्टीतून आला होता. भागवताच्या सहाव्या स्कंधातली ही कथा कीर्तनांतून मराठी घराघरांत पोचलेली आहे. आचारभ्रष्ट झालेला अजामिळ मरणाच्या वेळी यमदूतांना पाहून घाबरतो आणि आपल्या दहा मुलांतल्या सर्वांत धाकट्या, लाडक्या मुलाला हाक मारतो. मुलाचे नाव नारायण. हाक मुलाला असते, पण नाव देवाचे उच्चारले जाते, आणि तेवढ्यावर विष्णूचे दूत धावून येतात. आपण दिवसातून पन्नास वेळा मुलाच्या नावाने ओरडतो. जेवायला, अभ्यासाला, रागाने, लाडाने. ते नाव केशव किंवा माधव असले तर तेवढे नामस्मरण फुकटात पदरी पडते. माझ्या आजीने चार मुलगे याच हिशेबाने नामकरण करून वाढवले. आता उद्या वहिनीने 'अनिकेत' म्हणून हाक मारली, तर धावून कोण येणार?

अण्णांनी गीतेची त्यांची जुनी प्रत काढली. कोपरे झिजलेली, पुठ्ठ्याला निळे कापड लावून पुन्हा शिवलेली. बाराव्या अध्यायातला एकोणिसावा श्लोक त्यांनी बोटाने दाखवला.

तुल्यनिन्दास्तुतिर्मौनी सन्तुष्टो येन केनचित् ।
अनिकेतः स्थिरमतिर्भक्तिमान्मे प्रियो नरः ॥

"हे भक्ताचं नाव आहे," ते म्हणाले. "देवाला कोण आवडतो ते देव स्वतः सांगतो आहे, त्या यादीतलं. नारायण म्हटलं की आपण देवाला हाक मारतो. इथे देवच माणसाला हाक मारतो आहे." मग थोडे थांबून, "पण अर्थ घर नसलेला असा आहे. वहिनीला आज सांगू नकोस."

मी सांगितले नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. वहिनीला कोणीतरी नावांच्या एका यादीतून 'अनिकेत म्हणजे जगाचा स्वामी' असा अर्थ दाखवला होता आणि ती त्यात सुखी होती. अशा याद्यांवर माझा राग आहे. त्या प्रत्येक नावाला कुठल्या ना कुठल्या देवाच्या किंवा राजाच्या दारात नेऊन बसवतात, कारण आईबापांना मुलाच्या नावात काहीतरी 'नाही' असलेले चालत नाही. कुठे हे नाव विष्णूचे म्हणून दिलेले असते, कुठे शंकराचे. विष्णुसहस्रनामात अनिरुद्ध आहे, अनिमिष आहे, अनिल आहे, अनिर्विण्णही आहे, अनिकेत नाही. शंकराचे म्हणण्यामागे निदान कारण तरी दिसते. कालिदासाच्या कुमारसंभवात ब्रह्मचाऱ्याचे रूप घेऊन आलेला शिव पार्वतीपुढे स्वतःचीच निंदा करतो तेव्हा म्हणतो, त्याच्या जन्माचा पत्ता नाही, आणि त्याच्याजवळ संपत्ती किती आहे ते त्याच्या दिगंबरपणावरूनच कळते. मुलीच्या बापाने विचारावेत ते सगळे प्रश्न त्या संवादात आहेत, आणि स्मशानात राहणाऱ्या वराकडे त्यांतल्या एकाचेही बरे उत्तर नाही.

शब्दाकडे नीट पाहिले तर तो आणखी गंमतीचा निघतो. पाणिनीय धातुपाठात 'कित निवासे रोगापनयने च' असा धातू आहे. त्याचा एक अर्थ राहणे आणि दुसरा रोग दूर करणे. निकेत आणि निकेतन हे पहिल्या अर्थाचे, आणि चिकित्सा हा दुसऱ्या अर्थाचा. घर आणि औषध एकाच मुळातून आले असावेत, हे घरात कधीही आजारी पडलेल्या माणसाला पटायला अवघड नाही. अयोध्येचे साकेत हे नावही याच गोतावळ्यातले मानतात, आणि म्हणूनच एकाच घरात थोरला साकेत व धाकटा अनिकेत अशी जोडी मी पाहिली तेव्हा मला हसू आवरले नाही: एका मुलाला घर दिले आणि दुसऱ्याला दिले नाही. नचिकेताशी मात्र या नावाचा काही संबंध नाही, कानाला कितीही भावंडे वाटली तरी.

बारशात खरे तर एकच नाव ठेवायचे नसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांनी लिहिलेला धर्मसिंधू चार नावे सांगतो: देवतेवरून एक, महिन्यावरून एक, नक्षत्रावरून एक आणि चौथे व्यवहारात वापरायचे. महिन्यांची नावे ठरलेली आहेत. मार्गशीर्षाचे कृष्ण, पौषाचे अनंत, माघाचे अच्युत, अशी ती कार्तिकातल्या पुंडरीकाक्षापर्यंत जातात. आमच्या गुरुजींनी काशाच्या ताटात तांदूळ पसरले, अंगठीने त्यात नावे रेखली, आणि चैत्राचे म्हणून जे मासनाम आले ते 'वैकुंठ'. त्याच्या खाली 'अनिकेत'. देवाचे सर्वांत मोठे घर आणि घर नसलेला माणूस, असे दोघे एकाच ताटात तांदळांवर तासभर शेजारी शेजारी पडून होते. मग ते तांदूळ गोळा झाले, आणि वैकुंठ हे नाव त्यानंतर त्याला कुणीही कधीही हाक मारायला वापरले नाही. गृह्यसूत्रांत मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे असा दंडक आहे, तो 'अनिकेत' पाळतो. निदान संस्कृतात पाळतो, कारण मराठी तोंडात शेवटचा अकार टिकत नाही आणि हाक मारताना उरते ते 'अनि'.

अण्णा गेल्यावर ती प्रत माझ्याकडे आली आणि मी जमेल तसे या एका शब्दाच्या मागे लागले. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात तो संन्याशासाठी आलेला आहे: 'अनग्निरनिकेतः स्यात्', म्हणजे त्याने अग्नी बाळगू नये आणि घरही बाळगू नये, गावात यावे ते फक्त अन्नासाठी. घर म्हणजे चूल, हे समीकरण त्या दोन शब्दांच्या शेजारातच आहे. संन्यासी एका जागी थांबतो तो पावसाळ्याच्या चातुर्मासात, बाकी फिरता. जैनांमध्ये साधूला अनगार म्हणतात आणि बौद्ध परंपरेत अनागारिक हा शब्द आहे, तेव्हा घर सोडणे ही एकाच पंथाची मिरासदारी नाही. गीतेच्या या श्लोकावर शंकराचार्यांनीही संन्याशाकडेच बोट दाखवले आहे, पण त्यांचा एक शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो: ज्याला 'नियत' निवास नाही तो अनिकेत. घर नाही असे नव्हे. ठरलेले घर नाही. रामानुजाचार्य आणखी एक पाऊल घराच्या बाजूला येतात. त्यांच्या मते अनिकेत तो, ज्याची बुद्धी आत्म्यावर स्थिर असल्यामुळे तो घरादारात आसक्त होत नाही. म्हणजे घर असावे, त्यात राहावे, त्याचे हप्तेही फेडावेत, पण त्याने आपल्याला धरून ठेवू नये.

संसारी माणसाला रामानुजांचा अर्थ सोयीचा आहे, आणि सोयीचा आहे म्हणूनच मला त्याची थोडी शंका येते. 'मी आसक्त नाही' हे म्हणायला तीन खोल्यांच्या घरात बसून कुणाचे काय जाते?

त्या मानाने विनोबा रोखठोक. गीताईत त्यांनी अनिकेत शब्दाच्या जागी 'निराधार' हा शब्द घातला: 'स्थिर-बुद्धि निराधार भक्त जो तो मज प्रिय'. आज निराधार म्हटले की मराठी माणसाला सरकारी अनुदान आठवते, तहसील कचेरीपुढची रांग आठवते, हयातीचा दाखला हातात घेतलेली म्हातारी आठवते. विनोबांच्या मनात अर्थातच कशाचाही आधार न घेणारा असा अर्थ असणार. पण मला ती रांग त्या शब्दातून पुसता येत नाही, आणि पुसू नये असेही वाटते. घर नसणे ही आधी एक अडचण असते, गुण ती नंतर होते, तीही झाली तर.

हा श्लोक सांगितला कुणाला, हेही आपण विसरतो. ऐकणारा अर्जुन काही संन्यासी नव्हता, पण त्या क्षणी त्याला घर कुठे होते? वारणावतात राहायला दिलेले घर लाखेचे निघाले आणि जळाले. इंद्रप्रस्थाचा प्रासाद द्यूतात गेला. बारा वर्षे रानात आणि एक वर्ष दुसऱ्याच्या घरी, नाव बदलून, नृत्यशिक्षकाच्या वेशात काढल्यावर पाच गावे मागितली, तर सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जमीन मिळणार नाही असे उत्तर आले. तो रणांगणात उभा आहे तो घरासाठीच. आणि त्याला सांगितले जाते आहे की मला प्रिय असलेला माणूस अनिकेत असतो. सांगणाऱ्याची स्थितीही फार वेगळी नाही: जन्म बंदिवासात, वाढला दुसऱ्याच्या घरी, मथुरा सोडावी लागली, आणि पश्चिम समुद्रात वसवलेली द्वारकाही पुढे समुद्रात गेली. रथात बसलेल्या त्या दोघांपैकी कुणालाच कायमचा पत्ता लिहिता आला नसता.

पण या शब्दाचे सर्वांत मोठे भाषांतर मराठीत झाले आणि तेही इतक्या सहजपणे, की ते भाषांतर आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात ज्ञानदेव या पदाशी येतात आणि आधी वाऱ्याचा दाखला देतात: 'वायूसि एके ठायीं । बिढार जैसें नाहीं'. बिढार म्हणजे बिऱ्हाड. वाऱ्याचे बिऱ्हाड एका जागी नसते, तसा हाही कुठे आश्रय धरत नाही. इथपर्यंत ते मूळ शब्दाशी इमानदार आहेत. मग ते म्हणतात की सगळ्या आकाशात जशी वाऱ्याची नित्य वस्ती, तसे सगळे जगच याचे विसाव्याचे ठिकाण. आणि मग ती ओवी येते.

हें विश्वचि माझें घर । ऐसी मती जयाची स्थिर ।
किंबहुना चराचर । आपण जाहला ॥

'अनिकेतः स्थिरमतिः' या दोन शब्दांची ही ओवी. 'स्थिर मती' त्यांनी जशीच्या तशी ठेवली आणि 'अनिकेत'मधला नकार मात्र वाऱ्यावर सोडून दिला. घर नाही, या वाक्याचे सगळेच घर आहे असे वाक्य झाले. आज ही अर्धी ओवी पितळी पाटीवर कोरून दाराशेजारी लावतात. सोसायटीच्या एका मजल्यावर मी ती लोखंडी जाळीच्या दारावर, 'फेरीवाल्यांना मनाई'च्या अगदी शेजारी पाहिली आहे. ज्या शब्दाचा मूळ अर्थ 'घर नसलेला', त्याचे भाषांतर घराच्या पाटीवर यावे, यात ज्ञानदेवांचा दोष नाही.

ज्याने ही ओवी रचली त्याच्याकडे घराच्या नावाने काय होते, हे पाहिले की ती ओवी गोड वाटायची थांबते आणि जड वाटू लागते. वडील विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले, गुरूच्या आज्ञेने परत येऊन संसारात पडले, आणि आळंदीच्या समाजाने त्या सगळ्या घराला वाळीत टाकले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई ही 'संन्याशाची पोरे' ठरली. ज्याने अनिकेत राहायला हवे होते त्याने घर केले, हाच त्यांच्या बापाचा गुन्हा. त्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून मुलांना कुणाच्या घराचे दार उघडले नाही. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली. बाराव्या अध्यायातल्या 'अनिकेत' या शब्दापाशी पोचल्यावर तो मुलगा क्षणभर थांबला असेल का, हे मला नेहमी विचारावेसे वाटते. या शब्दावर बोलायचा त्याच्याइतका अधिकार फार थोड्यांना असेल.

आणि तरीही त्याने दार लावून घेतले होते, हीही आठवण आपण जपली आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले आणि बाहेर उभी राहून धाकटी बहीण विनवत राहिली, 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा'. जग रागाने आग झाले तर संतांनी पाणी व्हावे, असे ती त्याला सांगते. विश्वाला घर म्हणणाऱ्याला विश्वापासून लपायला एक ताटी लागली, आणि ती उघडवायला मुक्ताबाई लागली. मला या दोन गोष्टी एकमेकींना खोट्या पाडताना दिसत नाहीत. दिसते ते एवढेच, की दाराबाहेर उभी होती ती बहीण.

बहिणीचे इथे मला जरा जवळून सांगायचे आहे. मुलाचे नाव ठेवण्याचा मान आत्याला, हा रिवाज कुणी कसा पाडला मला ठाऊक नाही, पण ताटावर वाकले असताना मला एक गोष्ट टोचली होती. त्याच्या चारच वर्षे आधी अशाच एका ताटात, अशाच तांदळांत, अशाच अंगठीने माझे नाव लिहिले गेले होते. लग्नातल्या लक्ष्मीपूजनाच्या वेळी नवऱ्याने ते रेखले आणि बावीस वर्षे मी ज्या नावाला 'ओ' देत आले होते ते नाव एका घरापुरते उरले. त्या घरी मी आता पाहुणी होते. बारशासाठी आले होते, चौथ्या दिवशी परतायचे होते, माझी बॅग माजघरात खुंटीखाली ठेवलेली होती. ज्या घरी परतायचे ते अजून 'त्यांचे' घर होते. म्हणजे त्या दिवशी त्या वाड्यात जमलेल्या सगळ्यांमध्ये ज्या एका व्यक्तीला 'नियत निवास' नव्हता, तिच्यावरच बाळाच्या कानात नाव सांगण्याचे काम सोपवले गेले होते. आणि तिने अजाणता जे नाव सांगितले ते हे. अण्णांनी श्लोकावर बोट ठेवले तेव्हा मी चरकले ते देवाचे नाव हुकले म्हणून, असे मी वर लिहिले आहे. ते खरे आहे, पण पुरते खरे नाही.

या नावात अभद्र काही नाही, हे मला पुढे दत्तसंप्रदायाने पटवले. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत साप आहे. सापाकडून तो शिकतो ते 'एकचार्यनिकेतः स्यात्': एकटे फिरावे, घर नसावे. आणि पुढचा श्लोक तर थेट गृहकर्जाच्या खिडकीवर चिकटवावा असा आहे. घर बांधायला घेणे हे दुःखालाच कारण. साप दुसऱ्याने केलेल्या बिळात शिरतो आणि सुखाने राहतो. 'घर पाहावे बांधून' म्हणणाऱ्या मराठी म्हणीचा आणि या श्लोकाचा अनुभव एकच दिसतो, फक्त म्हण सांगणाऱ्याने घर शेवटी बांधलेले असते. ज्या दत्ताशी आपल्याकडे हा अवधूत एकरूप झाला, त्याचा दिनक्रम लहानपणापासून ऐकलेला आहे: स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. त्याला घर नाही असे कुणी म्हणत नाही; तो रोज तिन्ही ठिकाणी असतो, आणि तिन्ही ठिकाणी त्याची वाट पाहणारे लोक असतात.

हे सगळे मी फोनवर भाच्याला सांगितले नाही. हप्त्याच्या पहिल्या तारखेची काळजी असलेल्या माणसाला रामानुज आणि शंकराचार्य यांच्यातला भेद ऐकवणे बरे दिसले नसते. मी त्याला विचारले, त्या अर्जावर 'कायमचा पत्ता' म्हणून काय लिहिलेस? तो म्हणाला, अण्णांच्या वाड्याचा. वाडा पडून तिथे आता पाच मजले उभे आहेत आणि आमचे त्यात काही नाही, पण त्याच्या सगळ्या जुन्या कागदांवर तोच पत्ता आहे आणि बदलायचे राहून गेले आहे. "मग बँकेला चालेल?" मी म्हटले. "आधारावर तोच आहे, म्हणजे चालेल," तो म्हणाला, आणि मग दोघेही हसलो. मी त्याला गीतेतला श्लोक पाठवला. उत्तरादाखल त्याने अंगठा पाठवला. तासाभराने आणखी एक ओळ आली: "प्रियो नरः म्हणजे आवडता माणूस ना?"

माघात वास्तुशांत झाली. मी ते काशाचे ताट नेले होते, कारण वहिनीच्या मागे ते माझ्याकडेच राहिले होते आणि आता ते त्या घरी असावे असे वाटले. गुरुजी तरुण होते, घाईत नव्हते. संकल्प सांगायच्या आधी त्यांनी गोत्र विचारले, मग नाव. भाच्याने नाव सांगितले. गुरुजी क्षणभर थांबले, त्यांनी नजर वर करून त्याच्याकडे पाहिले, मग भिंतींकडे, अजून रंगाचा वास येत असलेल्या छताकडे, आणि ओठाच्या कोपऱ्यातले हसू तसेच ठेवून ते संथ लयीत म्हणू लागले. अमुक गोत्रात जन्मलेला, अनिकेत नावाचा मी, या नव्या घरात राहणाऱ्या सगळ्यांचे कल्याण व्हावे म्हणून. भाच्याने माझ्याकडे पाहिले नाही, पण त्याचे कान लाल झाले होते. त्याने पळीभर पाणी ताम्हनात सोडले.

आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी आधीच काढून ठेवली होती. वास्तुपुरुषाची प्रतिमा त्या खड्ड्यात ठेवली, वर अक्षता पडल्या. गवंडी सिमेंट कालवून केव्हाचा दारात उभा होता. हीच इमारत बांधायला तो दोन वर्षांपूर्वी आला होता. बायको, दोन मुले आणि एक कोंबडी असे त्याचे बिऱ्हाड समोरच्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याच्या खोपीत होते, आणि पुढच्या महिन्यात ते दुसऱ्या कामावर हलणार होते. तो चपला बाहेर काढून आत आला, खड्ड्याशी उकिडवा बसला, थापी घमेल्याच्या काठावर टेकवली.

"बुजवू का, साहेब?" त्याने विचारले.

अनिकेत 'हो' म्हणाला आणि त्याला हात धुवायला पाणी आणायला आत गेला.